सुनेसाठी लसूणपाव

नाव माझं गजानन, पण त्या नावानं तुमी मांडवीत विचारलंत तर कोण सांगायचा नाय. गजातात्या म्हणा, मंग दारापर्यंत आणून सोडतील. बोटीवर मला चौकशी ऑफिस म्हणायचे. मला लहानपणापासून खोडच, की एखादी गोष्ट अशी का आणि तशी का नाय, हे विचारल्याशिवाय राहवत नाय. आजा होडीवर, बापूस होडीवर, मी तिसरा. आवस म्हणायची, हा जन्मला तेवा सुईणीलाच ह्यानं विचारलं असेल, बाय तू कोणाची कोण म्हणून. शाळा सातवीपर्यंत. मास्तर माझ्या प्रश्नांना कंटाळले म्हणून सुटली असं मी लोकांना सांगतो, खरं म्हंजे घरात गरज होती म्हणून सुटली. मंग लाँचवर गेलो, जेवण करायला लागलो, आणि एकतीस वर्षं तेच केलं. चौदा माणसांचं जेवण, हलत्या बोटीत, एका हातानं टोपाचा कान धरायचा आणि दुसऱ्या हातानं फोडणी द्यायची. काय सांगू तुमाला, जमिनीवर रांधणाऱ्या माणसांचं मला नवल वाटतं, ह्यांचा टोप एका जागी राहतो आणि तरी कालवण करपतं कसं.

तर बोटीवर माझं नाक लई नावाजलेलं. हसू नका. तांडेल, म्हंजे बोटीचा मुख्य, तो मला हाक मारायचा, गज्या, जरा बर्फाच्या खणाकडं ये, आणि मी वाकून सांगायचो की ह्यातला वरचा थर परवाचा हाय आणि खालचा आजचा. पाणी पिंपात दोन दिवस जास्त राहिलं तरी मला कळायचं. कालवणात तिरफळ दोन पडली की तीन, तेसुद्धा झाकण न काढता सांगायचो. मीठ चाखून बगायची मला कवा गरज पडली नाय, वाफेवरून कळायचं. आता कोण म्हणेल मिठाला कुठं वास असतो. नसेल. पण मला कळायचं एवडं खरं.

ते नाक गेलं. पाच वर्षं झाली. ती साथ आलेली ना, तेवा आठ दिवस ताप आला, ताप गेला, खोकला गेला, ताकद परत आली, वास काय आला नाय. पहिले पंधरा दिवस वाटलं येईल. मंग वाटलं महिन्यानं येईल. रोज सकाळी उठून चहाच्या कपात नाक घालून बसायचो. गरम लागायचं तेवडंच. त्याच्या आदल्याच वर्षी आमची मंडळी गेली होती, सुनंदा, आणि गुडघ्यानं दगा दिला म्हणून मी बोट सोडली होती. म्हंजे बगा, बोट नाय, बायको नाय, एक स्वयंपाकघर तेवडं माझ्या हातात राहिलं होतं. मंगेश माझा मुलगा, तो मुंबईत कंपनीत, चार मित्रांत एक खोली, महिन्यातनं एकदा येतो. त्याला जर सांगितलं की बापसाला वास येत नाय, तर तो पयलं काय करील, तर गॅस बंद करील आणि डबा लावून देईल. बरोबरच हाय त्याचं. म्हणून मी कोणाला सांगितलंच नाय. आणि खरं सांगू, लाजपण वाटायची. ज्या नाकावर आयुष्य काढलं ते गेलं हे कोणत्या तोंडानं सांगायचं.

आणि जमत होतं की हो. कांदा कुठवर आला ते डोळ्याला दिसतं. मोहरी कानाला कळते. मसाला भाजला की रंग बदलतो, तेल कडेला सुटतं, हे सगळं बगण्याचं काम हाय. तिखट, खारट, आंबट जिभेला कळत होतंच. तीन वर्षं मी जेवण केलं, शेजारी मागून नेत होते, कोणाला पत्ता लागला नाय.

मंग मंगेशचं लग्न झालं, रसिका घरात आली. ती अलोऱ्याची, तिकडं कोयनेची कॉलनी हाय ना, त्या कॉलनीत वाढलेली, बापूस तिचा प्रकल्पावर नोकरीला होता. म्हंजे डोंगराकडची पोर, समुद्र सहलीला येऊन बगितलेला. शिकलेली. गावात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. मुंबईत त्या खोलीत तिला ठेवायची कुठं, आणि नोकरी इथं बरी लागली, म्हणून ती माझ्याजवळ राहिली. बोलायला कमी, पण कामाला चोख. मासे खायला हळूहळू शिकली, बांगड्याचे काटे काढताना तिची जी तारांबळ व्हायची ती बगून मी हसायचो, तीपण हसायची. लग्नाला वर्ष होऊन गेलं आणि मागल्या वर्षीच्या थंडीत तिला दिवस गेले. मी म्हटलं चला, घरात परत आवाज होईल.

पण काय सांगू, तिसरा महिना लागला आणि पोरीच्या पोटात अन्नाचा कण ठरेना. सकाळी चहा उलटायचा, दुपारी भात. आमच्या घरात माशाचा वास आला की ती तोंड दाबून पडवीत पळायची. मी शहाणा, लगेच सगळं आवरलं. सुके मासे शेजारी नेऊन दिले. माशांचा बिडाचा तवा धुवून कागदात गुंडाळून माळ्यावर टाकला. फ्रिज पुसला, रिकामा केला. मला माशाशिवाय भात गिळत नाय, म्हणून माझ्यापुरते दोन मासे मी मागीलदारी दगडावर साफ करायचो आणि तिथंच शेगडीवर करून तिथंच जेवायचो. घरात शेपटी म्हणून येऊ दिली नाय. तरी तिचं काय ते थांबेना. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. मी जवळ गेलो की ती ओढणी नाकाला लावायची. मी ताट वाढलं की ताट घेऊन बाहेर पडवीत जाऊन बसायची. मी पाणी दिलं की म्हणायची ठेवा बाबा तिकडं, मी घेते. सगळ्या जगाला का का विचारणारा माणूस मी, पण हे का, ते मी तिला विचारलं नाय. भीती वाटली. म्हटलं सून आपल्याला कंटाळली असेल तर ते तोंडानं कशाला ऐकायचं.

डॉक्टरीणबाईनं वजन केलं आणि म्हणाल्या, वाढायचं ते उलट घटलंय, असंच राहिलं तर सलाईन लावायला आणून ठेवावं लागेल. अलोऱ्यावरनं तिच्या आईचा फोन. मंगेशचा फोन. ठरलं असं की येत्या रविवारी तिचा भाऊ गाडी घेऊन येईल आणि तिला माहेरी नेईल, बाळंतपण होईपर्यंत. त्यात मंगेशनं मला फोनवर हळूच सांगितलं, की बाबा, रसिका म्हणते तिकडं चिपळूणला लॅबमध्ये काम मिळतंय, बाळ झाल्यावर तिकडंच खोली घेऊ, समुद्राजवळ तिला आणि बाळाला सोसायचं नाय. मी म्हटलं बरं. फोन ठेवला. त्या दिवशी मंगळवार होता. म्हंजे माझ्याकडं चार दिवस होते.

बुधवारी तिला कामावर निघताना विचारलं, बाय गो, काहीतरी एक नाव सांग जे खावंसं वाटतं. दिवस गेलेल्या बाईला जे खावंसं वाटतं ते तिला द्यावं, आमच्याकडं ह्यात कोणी हयगय करत नाय, सुनंदाला मी ज्येष्ठात कैऱ्या संपल्यावर पावस गावापर्यंत जाऊन कैरी आणून दिली होती. रसिका पयलं नको नको म्हणाली. मंग म्हणाली, गार्लिक ब्रेड. चिपळूणला कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर खायची. भाजलेल्या पावाचा आणि बटरात शिजलेल्या लसणीचा वास नुसता आठवला तरी बरं वाटतं, असं म्हणाली आणि स्वतःच लाजली. म्हणाली, राहू दे बाबा, हॉटेलातला आणला तर घरी येईस्तोवर चामडं होतं, आणि हॉटेलात बसायला गेलं तर तिथला बाकीचा वास सोसत नाय.

आता लसूण आणि पाव. मला आतनं हसूच आलं, म्हटलं एवडंच ना. आमी बोटीवर लसणीची चटणी लावून पाव एकतीस वर्षं खाल्ला. पण म्हटलं, नाय, ह्यात काहीतरी वेगळं असणार, त्याशिवाय पोरी पैसे मोजून खातील का. तर गेलो थेट बेकरीत. बेकरीवाला ओळखीचा, त्याला विचारलं, गार्लिक ब्रेड म्हंजे काय ते सांग, आणि वेळ काढून सांग. त्यानं सांगितलं तात्या, खरा ब्रेड वेगळा, पीठ फुगवायचं, भट्टीत घालायचं, ते तुमचं काम नाय, पण घरात दहा मिनिटांत करायचा तर लादी पाव घ्या, आणि ताजा घेऊ नका, कालचा घ्या. मी विचारलं, का. तो म्हणाला ताजा मऊ असतो, बटर पितो आणि बसतो, कालचा जरा सुकलेला असतो, तो कडक होतो. मी विचारलं परवाचा घेतला तर. तो म्हणाला तात्या, मागं गिऱ्हाईक उभं हाय. तरी मी बटर कुठलं, किती, वर काय भुरभुरवतात, ते हिरवं काय असतं, सगळं विचारून घेतलं. ते हिरवं सुकवलेला पाला असतो म्हणे, त्याच्या ऐवजी आपली कोथिंबीर चालते. आमच्याकडं भट्टी नाय. पण तव्यावर झाकण ठेवलं की खालून भाजतं आणि वरून वाफेवर शिजतं, ती भट्टीच झाली की. ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

बुधवारी संध्याकाळी पयला घाणा केला. लसूण ठेचली, बटरात कालवली, पावाला मधून कापून लावली, तव्यावर टाकली. रसिका पडवीत. तिथनंच म्हणाली, बाबा, करपतंय. मी बगितलं तर लसूण खालून काळी. कच्ची लसूण थेट तव्याला लागली की लगेच जळते, आणि जळतेय हे मला डोळ्यांनी दिसायला पाव उलटावा लागतो. चूक माझी. टाकून दिलं, शेजारच्या कोंबड्यांनीपण चोच लावली नाय.

गुरुवारी मी विचार केला. म्हटलं लसूण पयली बटरात वेगळी शिजवायची, अगदी बारीक आचेवर, रंग बदलायच्या आत उतरायची, मंग ते बटर पावाला लावायचं. बटर नवीन आणलं. तवा नवीन आणला, हो, नवाकोरा, म्हटलं शंका नको. पाव कालचा. आणि केला. काय दिसत होता सांगू तुमाला, कडेनं सोनेरी, मधे बटराची चकाकी, वर कोथिंबीर. ताटलीत घालून तिच्यासमोर ठेवला. तिनं एक तुकडा उचलला, तोंडाजवळ नेला, डोळे मिटले, आणि परत खाली ठेवला. म्हणाली बाबा, छान झालाय, पण मलाच आत्ता नको वाटतंय, तुमी खा. मी एक खाल्ला. खारट होता, कुरकुरीत होता, लसणीचा तिखटपणा जिभेला लागत होता. चूक काय ती मला सापडेना. ती राहिलेली ताटली तशीच उचलून मी आत नेली, आणि तुमाला खोटं कशाला सांगू, आत जाऊन मला रडू आलं.

शुक्रवारी मात्र माझं डोकं फिरलं. मी रागीट माणूस हाय, बोटीवर टोप फेकलेला हाय मी एकदा. तिसऱ्यांदा लसूण बटरात ठेवली, आच एकदम बारीक केली, आणि पडवीत तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, रसिका, खरं सांग, तुला गार्लिक ब्रेड नको हाय की माझ्या हातचं नको हाय. मी बोलत सुटलो, की रविवारी जायचंच ठरवलंयस तर जा, पण म्हातारा नकोसा झाला असेल तर तसं बोलून जा, ओढणी नाकाला लावून कशाला. तिचे डोळे भरून आले. तिनं ओढणी परत नाकाला लावली, मला अजून राग आला, आणि तेवड्यात ती उठली ती माझ्या बाजूनं आत धावली. मागीलदारच्या खिडकीतनं वारा आला होता आणि बारीक केलेली ज्योत विझली होती. गॅस तसाच सुटत होता. तिनं बटण फिरवलं, खाली टाकीचं बंद केलं, सगळी दारं खिडक्या उघडली, दिव्याच्या बटणाला हात लावायला निघालेला माझा हात धरून मला बाहेर ओढलं. बाहेर आल्यावर धाप लागलेली, तशीच माझ्याकडं बगत राहिली. मी तोपर्यंत विचारतोय, काय झालं गो, काय झालं.

बाबा, हे कधीपासून आहे, तिनं विचारलं.

मी म्हटलं काय कधीपासून. वारा खेळून घर मोकळं झाल्यावर ती आत गेली, तीन वाट्यांवर कागद बांधून कागदाला भोकं पाडून घेऊन आली, मला म्हणाली डोळे मिटा. लॅबवाली ना ती, तिचं सगळं तसंच. एकेक वाटी नाकाखाली धरली आणि विचारलं काय आहे. मी पयल्या वाटीला म्हटलं धणे. दुसरीला म्हटलं कॉफी. तिसरीला जरा विचार केल्यासारखं करून म्हटलं बडीशेप. डोळे उघडले तर तिसऱ्या वाटीत हिंग. हिंग. माणूस शेजारच्या घरातनं ओळखतो तो हिंग मी बडीशेप म्हणून सांगितला. पयली कॉफी होती आणि दुसरी तर रिकामीच होती. मंग मला लपवण्यासारखं राहिलं काय. सांगितलं सगळं, ताप, चहाचा कप, नाकाची लाज, मंगेशची भीती, सगळं. म्हटलं मंगेशला सांगू नको, तो माझा गॅस काढील. ती म्हणाली सांगावं तर लागेल, पण गॅस काढू देणार नाही, ते माझ्यावर सोडा.

आणि मंग ती एकदम उठून बसली. तिच्या मनात काय आलं कोण जाणे. म्हणाली आपण एकेक तपासू या. पाव आणा. आणला, तिनं हुंगला, म्हणाली ठीक आहे. बटर आणा. ठीक. लसूण, ठीक. तवा, ठीक. ताटली, ठीक. मला मजा वाटायला लागली, खरंच, राग कुठल्या कुठं गेला, म्हटलं ह्यात चोर कोण तो आता सापडणार. सगळं संपलं. तिनं मान खाली घातली आणि हळू आवाजात म्हणाली, बाबा, हात पुढे करा.

मी केले. तिनं वाकून वास घेतला आणि लगेच तोंड फिरवलं, पण ह्या वेळी पळून गेली नाय. म्हणाली नखांत आहे, आणि ह्या बोटांच्या पेरांत आहे. बाबा, मला बोलता आलं नाही, तुम्हाला किती वाईट वाटलं असतं.

मी माझ्या हातांकडं बगत बसलो. आता मला एक गोष्ट सांगा, तुमी हात धुता तेवा थांबता कवा. आमी मासे साफ करणारी माणसं वास जाईपर्यंत धुतो. नाकाजवळ न्यायचे, येतोय, परत चोळायचे, गेला, बस. ते नाक गेल्यावर मी कुठं थांबायचं. साबण दोनदा लावायचा आणि पुसायचे. चार वर्षं. दोनच मासे असूदे, मी सकाळी ते हातानं साफ करायचो आणि मंग त्याच हातानं पोरीचा पाव कापायचो, बटर लावायचो, पाण्याचा तांब्या द्यायचो. घरातनं सगळे मासे बाहेर काढले आणि एक मीच राहिलो होतो. आणि कोण सांगणार मला. मांडवीत सगळ्यांच्याच हाताला वास, कोणाला कोणाचा यायचा. त्यासाठी डोंगराकडची, दिवस गेलेली पोरच पायजे होती.

वाईट वाटलं का, विचारताय. वाटलं तर. पण त्याहून जास्त हायसं वाटलं. म्हटलं ती मला कंटाळली नव्हती, माझ्या नखांना कंटाळली होती, आणि नखं कापता येतात. लगेच कापली. ती पडवीत बसली आणि मी न्हाणीजवळ. लिंबू चोळलं, हात पुढे केले, नापास. बेसन आणि चिंच लावून चोळलं, नापास. तिच्याकडं लॅबमधला एक बारीक ब्रश होता, कुठल्याशा बाटल्या घासायचा, नवा, त्यानं नखाखाली घासलं, परत लिंबू, परत बेसन. पाचव्या वेळेला तिनं वास घेतला, थांबली, परत घेतला, आणि म्हणाली पास. मी म्हटलं नक्की ना, बापड्यावर दया करून पास करू नको. ती पयल्यांदा हसली, कितीतरी दिवसांनी.

शनिवारी मी मासा आणलाच नाय. संध्याकाळी लसूण बटरात ठेवली. ह्या वेळी ज्योतीवर नजर माझी आणि वास तिचा. ती दारात उभी राहिली आणि तिथनं सांगायला लागली, बाबा, अजून कच्ची आहे. अजून. हां, आता गोड वास यायला लागला, उतरा. मी उतरवली. पाव लावले, झाकण ठेवलं. चार मिनिटांनी म्हणाली, झाला. मी म्हटलं अजून रंग आला नसेल. म्हणाली झाला म्हणजे झाला. उघडून बगतो तर हवा तसा. बरं, मला एक कळत नाय, तिच्या नाकाला गोड वास येतो म्हंजे नेमकं काय होतं, लसूण गोड कशी. मी विचारलंच तिला. तिनं सांगायचा प्रयत्न केला, ह्याच्यासारखा, त्याच्यासारखा, आणि मंग म्हणाली, बाबा, गप्प बसा, मला खाऊ द्या.

एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. मी बाजूला बसलो, तिच्याकडं न बगल्यासारखं करून. तिसरा, चौथा. पाण्याचा घोट घेतला. मी वाट बगतोय, आता उठेल, आता पळेल. अर्धा तास गेला. मंग ती म्हणाली, अजून आहेत का.

अहो, एकतीस वर्षं चौदा माणसांना वाढलं मी. कोणी म्हणायचा फक्कड, कोणी म्हणायचा मीठ कमी. पण ते अजून आहेत का ऐकून मला जे झालं ते कवा झालं नव्हतं. आणखी चार केले.

रविवारी भाऊ गाडी घेऊन आला. तोही बसला, त्यानंही खाल्ले, आणि बॅग कुठं म्हणून विचारलं. रसिका म्हणाली बॅग भरलेली नाही, सातव्यात नेतात तेवा ने, रीत आहे तशी. भावाला वाटलं मी काहीतरी बोललो. मी काय बोललो नव्हतो, मी तवा घासत होतो. मंगेश पुढच्या खेपेला आला तेवा तिनं त्याला सगळं सांगितलं, आणि मी आत लपून ऐकत होतो. तो चिडला थोडा. मंग भिंतीला एक डबी लावून गेला, गॅस सुटला की कोकलते. एकदा अगरबत्तीलाही कोकलली. चिपळूणच्या खोलीचं परत कोणी नाव काढलं नाय. ती सातव्यात अलोऱ्याला गेली, तिकडं मुलगी झाली, आणि दसरा झाल्यावर त्या दोघी घरी आल्या.

आता नात सात महिन्यांची हाय. रसिका कामावर जाते, दिवसभर पोर माझ्याकडं. मी आता बाळाला हात लावायचा म्हणून रोज ते सगळं करायचो, लिंबू, बेसन, ब्रश, आणि रसिका निघायच्या आत तिच्यासमोर हात धरायचो. तर पोर माझ्याजवळ आली की रडायची. आईकडं गप्प, शेजारणीकडं गप्प, माझ्याकडं आकांत. मला वाटलं झालं, आईचं बंद झालं तर आता लेकीचं सुरू झालं. एक दिवस वेळ नव्हता, मी मागीलदारी बांगडे साफ करत होतो, ती आत उठली, किंचाळायला लागली, मी नुसता साबण लावून धावलो आणि उचलली. तिनं माझं बोट धरलं, नाकाशी नेलं, चोखलं आणि दोन मिनिटांत झोपली. मी घाबरलो. रसिकाला संध्याकाळी भीत भीत सांगितलं. तिनं माझा हात धरून हुंगला. म्हटलं नापास ना. ती म्हणाली, मला आता काही वाटत नाही बाबा, आणि हिला हेच हवंय. उद्यापासून ते लिंबू बंद करा.

तर बंद केलं. दर रविवारी लसूणपाव होतो, रसिका दारात उभी राहून उतरा म्हणते आणि मी उतरतो. रोज दुपारी पोर माझं बोट नाकाशी धरून झोपते. मी रसिकाला विचारलं, काय गो वास येतो तिला. विचारल्याशिवाय कसा राहीन. ती म्हणाली तुमचा येतो, दुसरा कसला येणार. माझा वास कसा असतो ते मला माहीत नाय आणि आता कळायचाही नाय. पोर हुंगते ना, तिला कळतोय, पुरे. देव तिला सुखात ठेवो. जरा हळू बोला हां, आत्ताच झोपलीय.